परतीच्या वाटेवरचा सोबती

तीर्थपुरी, मे १९३५

वैशाखाचं ऊन डोक्यावर आहे आणि तुम्ही तीर्थपुरीच्या वेशीत उभे आहात. नांगरून पडलेली काळी ढेकळं पावसाची वाट बघताहेत. इथे अजून कालवा नाही, उसाचा मळा नाही, कारखान्याचं धुराडं नाही. जायकवाडीचं पाणी यायला चाळीसेक वर्षं आहेत. मुलूख निजामाचा, जिल्हा औरंगाबाद, आणि तुमच्या खिशात खुळखुळतंय ते नाणं हाली शिक्क्याचं. आबकारी हे सरकारी उत्पन्नाचं मोठं साधन आहे. दारू आणि शिंदीचे मक्ते लिलावात जातात. मोठी बोली लावून मक्ता घेतलेल्या माणसाला गिऱ्हाईक कमी होऊन चालत नाही.

दिवेलागणीला तुम्ही एका ओसरीवर टेकता. घरातला कर्ता पुरुष आलेला नाही. तो कुठे बसलाय हे त्याच्या मायला ठाऊक आहे, बायकोला ठाऊक आहे, पोरांनाही ठाऊक आहे. भिंतीच्या खुंटीला तुळशीची माळ लटकते आहे. गेल्या आषाढीला पंढरपुरात त्यानं ती गळ्यात घातली. माळ घातली की दारू बंद, मटण बंद. सहा महिने त्यानं निभावलं. मग एका लग्नात सोयऱ्यांनी गळ घातली, त्यानं माळ काढली, खुंटीला अडकवली आणि 'उद्या घालतो' म्हणाला.

माय म्हणते, कुणीतरी करणी केली. बायको काहीच म्हणत नाही. बारा कोसांतल्या कुठल्याही वैद्याकडे याला आजार म्हणायची पद्धत नाही. पण एक गोष्ट गावाला कळलेली आहे, ती नीट पाहून घ्या. पहाटे शेजारचा माळकरी दारात येतो. तो उपदेश करत नाही. तो स्वतः कधीकाळी त्याच मक्त्यावर सकाळपासून बसायचा, हे सगळ्यांना माहीत आहे. 'चल, रात्री भजनाला बस माझ्याजवळ,' एवढंच तो म्हणतो. ज्याला आख्खं गाव वाया गेलेला म्हणतं, तो या एका माणसापुढे मान खाली घालत नाही, कारण या माणसासमोर लपवण्यासारखं त्याच्याकडे काही नाही.

सोबतीनं सुटतं, हे इथे माहीत आहे. माळ पुन्हा खुंटीला गेली तर पुढे काय करायचं, हे मात्र कुणालाच माहीत नाही. तेव्हा त्याला पापी म्हटलं जातं आणि दार लावून घेतलं जातं.

अ‍ॅक्रन, ओहायो, त्याच महिन्यात

११ मेची शनिवारची दुपार. तुम्ही सात समुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात बसला आहात. समोर बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा शेअर दलाल येरझारा घालतोय. ज्या व्यवहारासाठी तो आला होता तो फिसकटला आहे. खिशात पैसे थोडे. दारू सोडून त्याला पाच महिने झालेत. एका बाजूला बार आहे, तिथून हसण्याचे आवाज येताहेत. दुसऱ्या बाजूला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी आहे.

तो टेलिफोनकडे वळतो. आणि मागतो काय, तर डॉक्टर नको, पाद्री नको. दारूनं गांजलेला दुसरा एखादा माणूस भेटवा म्हणतो. मला त्याच्याशी बोलायचंय, नाहीतर मी पिईन. बऱ्याच फोनांनंतर हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंचा पत्ता लागतो आणि त्यांच्याकरवी डॉ. बॉब स्मिथ यांचा.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता शल्यविशारद डॉ. बॉब सायबरलिंगबाईंच्या घरी येतात. त्यांचे हात कापताहेत. बायकोच्या आग्रहाखातर आलोय, पंधरा मिनिटांवर थांबणार नाही, असं त्यांनी आधीच बजावलंय. ते उठतात तेव्हा रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. एवढा वेळ विल्सननं त्यांना काही समजावलं का? तुम्ही दाराशी उभे राहून ऐकलंय. तो फक्त स्वतःचं सांगत होता. बाटल्या कुठे लपवल्या, बायकोशी काय खोटं बोललो, किती वेळा शपथ मोडली. डॉ. बॉबना शरीरशास्त्र त्याच्याहून जास्त येत होतं. पण आपलीच गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला त्यांना आजवर मिळालं नव्हतं.

थांबा, इतक्यात निघू नका. जूनच्या सुरुवातीला डॉ. बॉब एका वैद्यकीय परिषदेला जातात आणि पिऊन परत येतात. इथे दार लावून घेतलं जात नाही. विल्सन त्यांच्याच घरी राहून त्यांना सावरतो. १० जूनला त्यांच्यावर एक शस्त्रक्रिया करायची जबाबदारी आहे. हात स्थिर राहावेत म्हणून सकाळी विल्सनच त्यांना बिअरची एक बाटली देतो. ती त्यांची शेवटची. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही चळवळ आपला जन्म त्याच दिवसापासून मोजते. त्यानंतर दोघं मिळून करतात ते पहिलं काम म्हणजे गावातल्या रुग्णालयात जाऊन तिसरा माणूस शोधणं.

तीर्थपुरीच्या ओसरीवर जे अर्धवट राहिलं होतं ते इथे पुरं होतंय. पाय घसरला तरी सोबत सुटत नाही आणि सावरलेला माणूस लगेच दुसऱ्यासाठी उभा राहतो.

आटपाडी, १९३९

आता औंध संस्थानात या. माणदेशाच्या माळरानावर एक वसाहत उभी राहते आहे, नाव स्वतंत्रपूर. राहणारे गुन्हेगार, त्यांतले काही खुनाच्या शिक्षेचे. पण भिंत नाही, बेड्या नाहीत. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांचे पोलिश सहकारी मॉरिस फ्रीडमन यांनी हा प्रयोग मांडलाय. कैद्यानं शेती करायची, आपल्या माणसांसोबत राहायचं, आणि शिक्षा संपण्याआधीच बाहेरचं जगणं पुन्हा शिकायचं.

तुम्ही म्हणाल, व्यसनाच्या वाटेवर तुरुंग कशाला आला? सुटून येणाऱ्याचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे म्हणून. आत असताना दिवस घंटेवर चालतो. बाहेर आल्यावर दिवस आपला आपल्याला चालवावा लागतो, आणि गावाच्या नजरेत तुम्ही तेच असता जे जाताना होतात. स्वतंत्रपुरानं हे ओळखलं की परत येणं ही वेगळी शिकण्याची गोष्ट आहे. त्यासाठी जागा लागते, काम लागतं आणि विश्वास टाकणारं कुणीतरी लागतं. ही खुली वसाहत आजही सांगली जिल्ह्यात चालू आहे.

मुंबई, १९५७

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' थिएटरात लागलाय. स्वतंत्रपुराच्या कल्पनेवरचीच ही गोष्ट पाहून लोक डोळे पुसत बाहेर पडताहेत. मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आहे, तरी चाळीच्या मागच्या बोळात हातभट्टीचा वास येतोच. याच वर्षी याच शहरात अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचं काम सुरू होतं.

तुम्ही पुढच्या काळातल्या एखाद्या सभेच्या कोपऱ्यात बसा. खुर्च्या गोल मांडल्यात. फी नाही, हजेरीपट नाही, आडनाव सांगायचं नाही. एक जण उठतो, नाव सांगतो, आपण दारुडे आहोत हे सांगतो आणि बोलू लागतो. कुणी मधे तोडत नाही, कुणी सल्ला देत नाही. याला ते शेअरिंग म्हणतात. कायमची सोडली अशी भाषा इथे कुणी करत नाही; बोलणं फक्त आजच्या दिवसापुरतं. पुढच्या काही दशकांत ही खोली मराठीत बोलू लागते, व्यसनातून बाहेर पडण्याच्या त्यांच्या बारा पायऱ्यांची भाषा गिरणगावापासून जिल्ह्याच्या गावांपर्यंत जाते.

वांद्रे, १९८१

माउंट कार्मेल चर्चच्या आवारात तुम्हाला फादर जो परेरा भेटतात. ते धर्मगुरू आहेत, बी. के. एस. अय्यंगारांचे योगविद्येतले शिष्य आहेत, आणि स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेले आहेत. ही तिसरी ओळख ते झाकत नाहीत. ज्या समाजात धर्मगुरूनं असं काही कबूल करणं म्हणजे पद गमावण्याची तयारी, तिथे ते तीच ओळख घेऊन कृपा फाउंडेशन सुरू करतात. बारा पायऱ्यांच्या जोडीला आसन-प्राणायाम येतो. पुढे वसईत आणि देशात ठिकठिकाणी केंद्रं उभी राहतात. २००९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळते.

इथे तुम्हाला एक गोष्ट नव्यानं दिसते. अ‍ॅक्रनमध्ये अनुभवी माणूस सोबती होता. वांद्र्यात तोच संस्थेचा प्रमुख आहे. उपचार कसा असावा, दिवस कसा जावा, कुणाला कुठे ठेवावं, हे तो ठरवतोय.

येरवडा, ऑगस्ट १९८६

आता पुण्यात या आणि इथे थोडे रेंगाळा. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं आवार. ब्राउन शुगरनं मुंबई-पुण्याच्या वस्त्या पोखरायला घेतल्यात. लोक तिला गर्द म्हणतात. पुडी, पन्नी, खालून काडी धरायची आणि धुराचा माग नळीनं ओढायचा. अंमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा आदल्याच वर्षी झालाय. अनिल अवचटांनी या विळख्यावर लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांच्या प्रतिष्ठानाच्या एक लाख रुपयांच्या मदतीतून इथे काम उभं राहिलं. २९ ऑगस्टला मुक्तांगण सुरू होतं. ते चालवणार आहेत डॉ. अनिता अवचट. त्या याच मनोरुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ आहेत. पुढे सगळे त्यांना मॅडम म्हणू लागतील.

आत चला. एका खाटेवर वीस-बावीस वर्षांचा मुलगा गुडघे पोटाशी घेऊन पडलाय. नाक गळतंय, जांभया थांबत नाहीत, हाडं कुणीतरी पिळतंय असं त्याला वाटतंय. दोन रात्री डोळा लागलेला नाही. गर्दच्या भाषेत याला टर्की म्हणतात. डॉक्टरांनी औषध दिलंय, त्यानं त्रास कमी होतो, नाहीसा होत नाही. त्याच्या डोक्यात एकच विचार आहे: भिंतीपलीकडे एक पुडी आहे आणि ती घेतली की हे सगळं दहा मिनिटांत थांबेल.

आता खाटेशेजारच्या माणसाकडे बघा. वयानं थोडा मोठा, हातात पाण्याचा पेला. 'आज तिसरा दिवस ना? तिसराच वाईट. उद्या जेवशील तू,' तो म्हणतो. मुलगा डोळे उघडून बघतो. हे वाक्य पुस्तकातलं नाही, हे त्याला लगेच कळतं. या माणसानं हाच तिसरा दिवस काढलेला आहे. म्हणून 'उद्या' या शब्दावर विश्वास बसतो.

मुक्तांगणची घडण या प्रसंगात आहे. बरे होऊन गेलेले रुग्ण-मित्र परत येत राहिले, मदत करू लागले. मॅडमनी त्यांतल्या काहींच्या हाती काम सोपवलं, मग त्यांना शिकवलं आणि समुपदेशक म्हणून उभं केलं. ज्यांच्या हातात घरची माणसं दहा रुपये द्यायला धजत नव्हती, त्यांच्या हाती वॉर्ड आला. हा भाबडेपणा नव्हता. मॅडमना मनोविकारशास्त्र येत होतं, कुणावर किती भार टाकावा हे कळत होतं. अनुभवाला शास्त्राचा आधार आणि शास्त्राला अनुभवाची जीभ, अशी ती जोडी होती. 'नशायात्रा' लिहिणाऱ्या तुषार नातूंसारखे समुपदेशक याच वाटेनं घडले.

मॅडमनी आणखी दोन गोष्टी पाहिल्या. पहिली ही, की आजार घरभर पसरलेला असतो. पंधरा वर्षं नवऱ्याच्या पावलांचा कानोसा घेत जगलेली बाई, तो दारू सोडतो त्या दिवशी बरी होत नाही. तिच्या मनातला संशय, राग, लाज कुठेतरी बोलली गेली पाहिजे. म्हणून बायकांचा सहचरी गट सुरू झाला, आणि तिथेही तोच नियम: ज्या बाईनं हे भोगलंय तीच दुसरीला सांगेल. दुसरी गोष्ट वाढदिवसाची. व्यसनमुक्तीला वर्ष झालं की सगळ्यांसमोर सत्कार. त्यात बायको शेजारी हवीच, कारण वर्ष तिनंही काढलेलं असतं. ज्या माणसाचा चारचौघांत फक्त अपमान झाला, त्याचं चारचौघांत कौतुक होताना तुम्ही पाहता, आणि मागच्या रांगेत बसलेला, पस्तीस दिवसांच्या मुक्कामातला नवखा मित्र मनातल्या मनात हिशेब मांडतो: माझं वर्ष कधी पुरं होईल?

१९९७ मध्ये मॅडम कर्करोगानं गेल्या. काम थांबलं नाही, ते त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांच्या नेतृत्वाखाली पुढे गेलं. २००९ मध्ये स्त्रियांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग सुरू झाला. व्यसनी बाईला घरात दुप्पट दडवलं जातं, हे तोवर कळून चुकलं होतं. पुण्याबाहेरच्या गावांत पाठपुराव्याची केंद्रं निघाली. २०२२ च्या जानेवारीत अनिल अवचटही गेले. माणसं जाऊनही घर चालू राहिलं, कारण त्याचा भार पूर्वी रुग्ण असलेल्या कितीतरी खांद्यांवर वाटला गेला होता.

तीर्थपुरी, उन्हाळा २०१३

पुन्हा मराठवाड्यात. १९८१ साली झालेल्या जालना जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. दुष्काळ पडलाय. मोसंबीच्या बागा उभ्या जळताहेत. दहा-बारा वर्षं लेकरासारखी वाढवलेली झाडं माणसं स्वतःच्या हातानं तोडून सरपणाच्या गाडीत भरताहेत. टँकरचं पाणी प्यायला पुरत नाही, बागेला कुठून देणार?

दुपारी चारला तुम्ही फाट्यावर उभे राहा. बाग गेलेला एक माणूस मोटारसायकल लावून देशीच्या दुकानाकडे वळतो. काल एक क्वार्टर होती, आज दोन. दुष्काळानं त्याला दारू लावली असं म्हणणं सोपं आहे, पण पुरतं खरं नाही. आधीच्या वर्षी बाग चांगल्या भावानं उक्ती गेली तेव्हाही तो प्याला होता. सुखाला एक, दुःखाला एक, आणि मग कारण लागेनासंच होतं. बदललंय ते एवढंच की आता त्याच्याकडे सकाळी उठून करायला काम नाही.

गावाच्या भिंतीवर एक जाहिरात रंगवलीय, पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवून देण्याची. त्याची बायको ती पुडी आणायच्या विचारात आहे. तिला अडवा. चहात-भाजीत कालवून दिलेल्या अशा काही औषधांवर माणूस प्याला तर रक्तदाब कोसळतो, जीवही जाऊ शकतो. आणि त्याहून वाईट म्हणजे, कळल्यावर तो घरचं अन्न खायला घाबरतो. माणसाला न विचारता त्याचं व्यसन सोडवता येत नाही.

तीर्थपुरी, आज

नगरपंचायतीचं गाव आहे. कालव्याचं पाणी आहे, ऊस आहे, कारखाना आहे. बसमधून तुम्ही उतरता. या वेळी बघे म्हणून नाही. पस्तीस दिवस शहरातल्या केंद्रात काढून परत आलेला माणूस तुम्ही आहात. चेहऱ्यावर तजेला आहे, वजन वाढलंय, हातात कपड्यांची पिशवी आहे. बसथांब्यावरून घरी जायला दोन वाटा आहेत आणि जवळची वाट देशीच्या दुकानावरून जाते.

पहिली हाक तिथूनच येते. 'काय भौ, कुठं गेलता?' हाकेत दुष्टावा नाही. ती माणसं तुमचीच आहेत, तुमच्या मायच्या अंत्यविधीला त्यांनीच खांदा दिला. तुम्ही आला म्हणून त्यांना बरं वाटतंय. त्यांच्याकडे ते दाखवायची एकच रीत आहे.

घरी पोचता. बायको पाणी देते आणि पेला घेताना थोडी जवळ वाकते. वास घ्यायला. ते तुम्हाला लागतं. चार दिवसांत भाऊ मोसंबीचे पैसे तुमच्यासमोर मोजून तुमच्या हातात न देता तुमच्या बायकोकडे देतो. तेही लागतं. तुम्ही बदललात, पण हे अजून घरच्यांच्या अंगवळणी पडलेलं नाही. मग डोक्यात तो जुना, ओळखीचा विचार डोकावतो: कुणाला खरंच वाटत नसेल तर मी कुणासाठी सोडलीय?

केंद्रातल्या पस्तीस दिवसांपेक्षा घरचे हे पहिले पस्तीस दिवस कठीण आहेत. आणि नेमक्या याच जागी सोबतीची गरज असते. कल्पना करा, गावात किंवा शेजारच्या गावात असा एक माणूस आहे, ज्याची दारू आठ वर्षं सुटलेली आहे. तो पहिल्या संध्याकाळी येतो. तो जे सांगतो ते कुठल्याही पत्रकात सहसा नसतं. 'दोन महिने लांबची वाट धर. खिशात पन्नासाच्या वर ठेवू नको, पैसे बायकोकडे असणं ही तुझी इज्जत गेली असं समजू नको, ते तुझं औषध आहे. संध्याकाळी सहाच्या आत काहीतरी खा. रिकाम्या पोटाला दारू आठवते. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांतलं काही अंगावर आलं की मला फोन कर. पिण्याआधी कर. प्यालास तरी कर, पण आधी केलास तर बरं.' आणि शेवटी, 'ती वास घेते ना? वर्षभर घेईल. माझी दीड वर्ष घेत होती. घेऊ दे.'

हे शेवटचं वाक्य कुठला डॉक्टर बोलू शकेल? बोललाच, तरी तुम्हाला ते पटेल का?

पुढे पोळा येईल. लग्नसराई येईल. तुम्ही ऊसतोडीला जाणारे असाल तर मुकादमाकडून उचल येईल, एकरकमी, आणि फडावर थंडीत अंग ठणकत असताना टोळीतली माणसं बाटली पुढे करतील. या प्रत्येक तारखेआधी तो माणूस येऊन बसेल आणि त्या दिवसाची तुमच्याबरोबर आखणी करेल: कुठे जायचं, किती वाजता निघायचं, कुणासोबत परत यायचं.

अशी माणसं किती कमी आहेत, याचा एक अंदाज घ्या. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेली आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी सांगते की देशात दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेले सुमारे ५.७ कोटी लोक आहेत. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांमागे एकालाच कसली ना कसली मदत मिळाली होती, आणि भरती होऊन उपचार मिळालेला १८० मध्ये एक. इतक्या लोकांना पुरतील एवढ्या खाटा कधीच होणार नाहीत. पण प्रत्येक मोठ्या गावात दारू सोडलेली दोन-चार माणसं आजही आहेत. ती गप्प आहेत, कारण तो काळ कुणी आठवू नये असं त्यांना वाटतं. गावाचं सगळ्यांत मोठं वाया जाणारं भांडवल ते आहे.

त्यांना पुढे आणायचं तर त्यांना एकटं सोडून चालणार नाही. अनुभव म्हणजे प्रशिक्षण नव्हे. 'मी मनानं सोडली, तूही सोड' हे सांगणारा अनुभवी माणूस घातक ठरू शकतो, कारण वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम थांबवली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. तेव्हा आधी डॉक्टर हवा. आपण सोसलं म्हणून दुसऱ्यालाही सोसायला लावणारा, मारझोड करणारा, साखळीनं बांधणारा तर नकोच. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं व्यसनाला उपचाराच्या कक्षेत घेतलंय आणि साखळदंडावर बंदी घातलीय. आणि सोबत देणाऱ्या माणसाचीही काळजी घ्यावी लागते. रोज दुसऱ्याचं दुःख ऐकणाऱ्याचा पाय केव्हाही घसरू शकतो. त्याला शिकवणारं कुणी हवं, त्याचं ऐकणारं कुणी हवं, आणि पूर्ण वेळ काम करत असेल तर पुण्य नव्हे, पगार हवा.

तीर्थपुरीत हे उद्या सुरू होऊ शकतं. आठवड्यातून एक संध्याकाळ, शाळेची एक खोली, दीड तास. दारू सोडलेला एक माणूस आणि सोडू पाहणारा दुसरा, एवढ्यावर अ‍ॅक्रनमध्ये सुरुवात झाली होती. शेजारच्या खोलीत बायकांचा गट, त्यांच्यातल्याच एकीनं चालवलेला. अंगावर काढू नये अशा लक्षणांची यादी भिंतीवर, सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांशी आधी झालेलं बोलणं, आणि १४४४६ हा नशामुक्तीचा राष्ट्रीय मदत क्रमांक मोठ्या अक्षरांत. जो घसरेल त्याची खुर्ची पुढच्या आठवड्यातही मांडलेली.

पहिलं वर्ष ज्याचं पुरं होईल त्याचा वाढदिवस गावासमोर करा, त्याच्या बायकोला, मायला शेजारी बसवा. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती नव्यानं परत आलेल्या माणसाच्या घरचा पत्ता द्या. त्याला तिथे पाठवणं ही त्याच्यावर केलेली मेहेरबानी नाही. ज्या घरात जायला बाकी कुणाकडे शब्द नाहीत, तिथे बोलता येईल असा गावात तो एकच माणूस आहे.